न गेलेलं गेज

सनाबिस, बहरीन
९ सप्टेंबर १९८३

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

मंगला, हे पत्र बाबांना वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळू नकोस. मागच्या वेळी तू गाळली होतीस हे मला आईच्या निरोपावरून कळलं.

तुमचं पत्र काल मिळालं. मआमीरच्या कारखान्यातून परत येताना कंपनीच्या व्हॅनमध्ये वाचलं आणि घरी येऊन हमीदाला वाचून दाखवलं. हमीदा म्हणजे माझ्या खोलीतली श्रीवर्धनची मुलगी, अदलियात शिवणकाम करते. तिला सांगितलं की आमच्या आजोबांपासून बंदूक दुरुस्तीचा परवाना आहे, माकडं आणि रानडुकरं हाकायच्या ठासणीच्या बंदुका अख्ख्या तालुक्यातून आमच्या पडवीत येतात, पण नवी रायफल आजवर घरात कोणी केली नव्हती. आता बाबा करताहेत. रायफल क्लबाची रीतसर परवानगी घेऊन, क्लबाच्या मोडक्या रायफलीच्या बॉडीवर नवी नळी बसवून. सांगताना माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण भिंतीपलीकडच्या बाईंनी ठोकलं.

पण पत्राच्या शेवटी मंगलाने बारीक अक्षरात लिहिलंय की जिल्ह्याच्या स्पर्धेत ती याच रायफलीने नेम धरणार. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही.

बाबा, राग मानू नका. मी इथे गेजच्या खोलीत काम करते. जहाजांचे व्हॉल्व्ह आणि पंपाचे भाग तयार झाले की त्यांची मापं बरोबर आहेत का हे गेज लावून बघतात, आणि मी ती गेज देते-घेते, दाखले टाईप करते. एका केसाच्या फरकाने काय होतं ते रोज ऐकते. रायफलीत काडतूस नळीच्या मागच्या तोंडात बसतं आणि मागून बोल्ट बंद होतो. नळी बॉडीत नीट बसली नसेल आणि काडतुसामागे फट जास्त उरली, तर काडतूस मागच्या बाजूला फाटतं. मागच्या बाजूला मंगलाचा डोळा असणार.

नळी बरोबर बसली आहे हे तुम्ही कसं बघितलंत, तेवढं कळवा. नुसतं 'बसली' लिहू नका.

तुमची
शेवंती


तळीवाडी, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
२४ सप्टेंबर १९८३

चि. शेवंतीस दत्ताराम मेस्त्रीचे आशीर्वाद.

(ताई, बाबा सांगतात आणि मी लिहिते. "मी सांगतंय तसाच लिही" असं बजावून बसलेत, म्हणून जमेल तेवढं तसंच.)

तुझं पत्र पोचलं. मंगलाने एकही वाक्य गाळलं नाही, वर दोन वाक्यं दोनदा वाचली. तू विचारतेस नळी कशी बघितली. तू लहान असताना भात्याजवळ बसून बघायचीस, विसरलीस काय? बॉडीचं तोंड साफ पुसायचं. त्याला काजळ लावायचं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, बाजारातलं नाही. मग नळी फिरवून घट्ट करायची आणि परत काढायची. नळीच्या खांद्यावर काजळाचं कडं उमटतं. कडं तुटक आलं तर नळी एका बाजूला टेकली, म्हणजे बसली नाही. कानस घ्यायची, पुसायचं, परत लावायचं. कडं पुऱ्या चंद्राएवढं गोल येईपर्यंत. माझं आलं. तुझ्या आजोबांचं यायचं तसं आलं.

तू म्हणतेस नुसतं 'बसली' लिहू नका. अगं, आमच्यात 'बसली' या शब्दापुढे शब्द नाही. आजोबा वर्षात दोनदा म्हणायचे.

(ताई, आता माझं. आईचा काजळाचा डबा रिकामा झाला. आई म्हणते, "बंदुकीच्या डोळ्यात घालूक काजळ आसा, माझ्या डोळ्यात घालूक नाय." बाबा हसले, पण तुझं पत्र ऐकून झाल्यावर जेवायला अर्धा तास उशिरा आले आणि त्यांनी नळी परत एकदा काढून बघितली. हे मी त्यांना न सांगता लिहितेय. मला एनसीसीत हवालदार सरांनी नेम शिकवलाय, तू उगाच घाबरू नकोस. आणि तो डोळा माझा आहे, त्याची काळजी मलाही आहे.)


सनाबिस, बहरीन
१४ ऑक्टोबर १९८३

ती. बाबा,

काजळाचं वाचून मला आपली पडवी दिसली. तुमचं कडं गोल आलं यावर माझा विश्वास आहे. पण कडं गोल आलं म्हणजे नळी खांद्याशी चारी बाजूंनी टेकली, एवढंच कळतं. काडतुसामागे फट किती उरली ते त्यातून कळत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मी आमच्या गुरुप्रसाद सरांना विचारलं. ते पुण्याचे इंजिनीअर, गेजच्या खोलीचे प्रमुख. आधी दोन दिवस मीच विचारू की नको करत होते, कारण कंपनीचं पोलाद आणि कंपनीचं लेथ घरच्या कामाला वापरायचं मनाला पटेना. त्यांनी पुस्तक काढलं, माप शोधलं आणि म्हणाले, "भंगारातला तुकडा आहे, मफी मुश्किल, काही अडचण नाही." मी तरी परवानगी लेखी मागितली. ते माझ्याकडे बघतच राहिले, मग त्यांनी लिहून दिली.

तर काडतुसाच्या आकाराचे पोलादी दोन तुकडे हमीदाच्या भावाबरोबर पाठवलेत. तो सुट्टीवर येतोय, कुडाळच्या एसटी स्टँडवर मंगलाच्या हातात देईल. एकावर 'जा' कोरलंय, दुसऱ्यावर 'नको'. नीट ऐका. 'जा' नळीत घालून बोल्ट बंद केला तर तो बंद झालाच पाहिजे. 'नको' घालून बोल्ट बंद करायला गेलं तर तो बंद होता कामा नये. 'नको'वर बंद झाला, तर फट जास्त आहे, आणि ती रायफल चालवायची नाही. 'नको' न जाण्यातच आपलं यश आहे. दोन बोटांनी हलकेच ढकलायचं, जोर लावायचा नाही.

हमीदा म्हणते, "तुझ्या बाबांनी पोरीसाठी बंदूक केली आणि तू तिच्यासाठी अडसर पाठवतेस." मी म्हटलं, अडसरच आहे तो.

शेवंती


तळीवाडी
३० ऑक्टोबर १९८३

प्रिय ताई,

हमीदाचा भाऊ भेटला. तुझी डबी मिळाली, कापसात गुंडाळलेली, जशी सोन्याची. पत्र मात्र अजून आलेलं नाही. त्याने सांगितलं की ताईने पत्र पोस्टात टाकलंय, ते येईलच.

पण बाबांना कुठला धीर! डबी उघडून ते तुकडे त्यांनी उन्हात धरले, अंगठ्याने चाचपले आणि म्हणाले, "काम बघ. ह्या काम बघ." संध्याकाळी अण्णा सुताराला बोलावून दाखवलं. "बहरीनसून धाडल्यान. आमच्या शेवंतीन." मी कोरलेलं वाचून दाखवलं. 'जा' आणि 'नको'. 'नको' का ते कोणालाच कळलं नाही. आई म्हणाली, जास्तीचा असेल, लागला तर ठेवा नाहीतर नको.

तर सांगायची बातमी अशी की दोन्ही गेले! बोल्ट दोन्हींवर लोण्यासारखा बंद झाला. बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. आता तुळशीचं लग्न झालं की क्लबाच्या मैदानावर चालवून बघायची. पहिली गोळी माझी.

तुझी
मंगला


तार
बहरीन, १० नोव्हेंबर १९८३

दत्ताराम मेस्त्री, तळीवाडी, कुडाळ
बंदूक चालवू नका. गोळी घालू नका. नको जायला नको होतं. पत्र येते. शेवंती


सनाबिस
१० नोव्हेंबर १९८३

ती. बाबा,

तार मिळाली असेल. नसेल मिळाली तर हे पत्र पोचेपर्यंत काय झालं असेल हा विचार मी करत नाही, म्हणजे करतेच आहे.

'नको'वर बोल्ट बंद झाला याचा अर्थ फट जास्त आहे. माझं १४ तारखेचं पत्र तुम्हाला वेळेवर मिळालं नाही, ही चूक माझी. मी डबीतच चिठ्ठी ठेवायला हवी होती. मला वाटलं, पत्रात सविस्तर लिहितेय, चिठ्ठी कशाला. गुरुप्रसाद सर म्हणाले, गेजबरोबर सूचना नसेल तर ते गेज नव्हे, नुसता खिळा. ते रागावले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

बाबा, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. माप हाताला कळत नाही एवढंच. नळी काढा. स्पर्धेला मंगला क्लबाच्या जुन्या रायफलीने खेळेल. या रायफलीने तिने खेळायचं नाही. मी मोठी बहीण म्हणून नाही, गेजच्या खोलीतली म्हणून सांगते.

शेवंती


तळीवाडी
१७ नोव्हेंबर १९८३

चि. शेवंतीस आशीर्वाद.

(लिहिणारी मंगला. पण आधी माझं. ताई, तुझी तार पोस्टमास्तरांनी शिपायाकडे दिली नाही, स्वतः घेऊन आले, घामाघूम. फाटकातूनच ओरडून वाचली: "बंदूक चालवू नका, गोळी घालू नका!" अख्खी वाडी जमा झाली. आई चुलीपुढून धावत आली, "कोण कोणाक गोळी घालता?" खालच्या आळीचा बाबल्या तर त्याच्या शेताच्या सीमेच्या तंट्याचं काहीतरी समजून घरी पळाला. मला रडू आणि हसू एकदमच आलं. आता बाबा.)

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं ते हरवलेलं पत्र आलं. मंगलाने वाचलं. मी ऐकलं आणि तुझा 'नको' परत हातात घेतला. त्या दिवशी खरं काय झालं ते मंगलाने बघितलं नव्हतं, म्हणून आता मीच सांगतो.

'जा' आपणहून गेला. 'नको' आपणहून गेला नाही. बोल्ट अर्ध्यावर अडला. समोर अण्णा उभा, तुझी आई उभी, दारात चार माणसं. मला वाटलं, चेडवान, माझ्या शेवंतीन, एवढ्या लांबसून धाडलेला, ता माझ्या बंदुकीत जाईना म्हणजे खोट माझ्या बंदुकीत. ता माघारी कसा धाडूचा? मी बोल्टाला लाकडी हातोडी लावली. दोनदा हाणली, तिसऱ्यांदा गेला. लोण्यासारखा हा शब्द मंगलाचा, ती तेव्हा चहा आणायला आत गेली होती.

म्हणजे तुझ्या पत्राप्रमाणे माझी नळी पहिल्यापासून बसलेली होती. आणि ते मी हातोडीने खोटं केलं.

'नको'ची कड आता दबली आहे. नखाला लागते. परत लावून बघितलं तर सहज बंद होतो, पण ते गेज आता गेज राहिलं नाही, आणि बोल्टही हातोडीने कुठे दुखावला असेल तर ते मला डोळ्यांनी दिसत नाही. तेव्हा बंदूक बरोबर की चूक, हे आज मी सांगू शकत नाही. रविवारी क्लबाचे सेक्रेटरी साहेब आले. म्हणाले, "मेस्त्री, बंदूक तयार ना?" मी म्हटलं, "नळी बसली आहे. पण माझ्या थोरल्या मुलीने अजून पास केलेली नाही." ते हसले. म्हणाले, ती तर बहरीनला. मी म्हटलं, "होय, म्हणून तर थांबलोय."

(ताई, हे बोलताना बाबा ताठ बसले होते. सेक्रेटरी साहेबांनी परत एकदा विचारलं, तर परत तेच म्हणाले, पहिल्यापेक्षा मोठ्याने.)


सनाबिस
२ डिसेंबर १९८३

ती. बाबा,

तुमचं पत्र मी हमीदाला वाचून दाखवू शकले नाही. तिने माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाचलं आणि हातोडीपाशी आली तेव्हा म्हणाली, "या अल्ला, हा माणूस पाहुण्याला जेवण वाढल्यासारखा बंदुकीला गेज वाढतो." मग तिने पत्राची घडी घालून ते माझ्या उशाशी ठेवलं, तिचे वडील गेले त्याला दोन वर्षं झाली.

मी तुम्हाला हाताला माप कळत नाही असं लिहिलं होतं. तुमच्या हाताला कळलं होतं, बोल्ट अडला तेव्हाच. ते वाक्य मी परत घेते.

बोल्टाचं पुढचं तोंड आणि खाचा भिंगाखाली बघाव्या लागतील. नवा 'नको' तयार होतोय. या वेळी तो मी कोणाबरोबर पाठवत नाही. माझी सुट्टी मंजूर झाली, डिसेंबरच्या शेवटी येते. गुरुप्रसाद सरांनी विचारलं, घरी काय आहे, लग्न? मी म्हटलं, तपासणी आहे. ते म्हणाले, कुठल्या कंपनीची? मी म्हटलं, आमच्या.

तोवर रायफलीला कुलूप. किल्ली आईकडे द्या. तुमच्याकडे नको आणि मंगलाकडे तर नकोच.

शेवंती


तळीवाडी
३० जानेवारी १९८४

प्रिय ताई,

तू गेल्यावर पडवी चार दिवस ओकीबोकी वाटली. आई अजून ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तू बोल्ट भिंगाखाली उलटासुलटा करून बघितलास, तेव्हा ती देवासमोर बसली होती. मग तू नवा 'नको' घालून दोन बोटांनी ढकललंस आणि थांबलीस. मागून आई कुजबुजली, "गेला?" तू म्हणालीस, "नाही गेला." आणि आईला रडूच फुटलं, तिला वाटलं सगळं बुडालं. बाबा तिला समजावताहेत, "अगो, जावक नाय म्हणान तर बरा झाला," आणि ती म्हणते, "मग चेडू एवढ्या लांबसून कशाक इला?" न गेल्याबद्दल वाडीत पेढे वाटलेलं हे आपलं पहिलंच घर.

तू असताना दोरी बांधून लांबून चालवलेल्या गोळ्यांची काडतुसं बाबांनी ठेवलीत. एकही मागून फुगलेलं नाही. अण्णा सुताराला रोज दाखवतात. अण्णा म्हणतो, "मेस्त्र्यांनू, आता काडतुसा चाटतलात काय?"

आता स्पर्धा. काल सावंतवाडीला झाली. मी दुसरी आले. पहिली आली ती मालवणची मुलगी, फार छान खेळली, मी मुद्दाम जाऊन तिला सांगितलं. माझ्या शेवटच्या पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकतील एवढ्या जवळ होत्या. पहिल्या पाचांत मी घाबरले आणि तिथेच गुण गेले. म्हणजे चुकलं ते माझं, रायफलीचं काही नाही. हे मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "ह्या सगळ्यांका सांग."

नंतर पुण्याहून आलेले एक परीक्षक रायफल हातात घेऊन बघत होते. बोल्ट उघडला, बंद केला, नळीच्या सांध्यावरून नख फिरवलं. विचारलं, "ही कोणी पास केली?" कोणी बनवली असं नाही विचारलं, कोणी पास केली असं विचारलं. सेक्रेटरी साहेब पुढे होणार, तोच बाबा म्हणाले, "माझ्या थोरल्या चेडवान." आणि परीक्षक काही बोलायच्या आत म्हणाले, "दोन महिने तिनाच अडवून ठेवल्यान होती." ताई, दुसरं वाक्य ते पहिल्यापेक्षा जास्त ऐटीत म्हणाले. परीक्षकांनी विचारलं ती काय करते, तर बाबा म्हणाले, "गेजच्या खोलीत असता. बहरीनाक. जहाजां तिका विचारल्याशिवाय सुटनत नाय."

मी बाबांना म्हटलं, असं काही नसतं, ती फक्त टाईप करते. बाबा म्हणाले, तुका काय ठावक.

तुझी
मंगला


सनाबिस
१७ फेब्रुवारी १९८४

प्रिय मंगला,

दुसरी आलीस. मी व्हॅनमध्ये वाचलं आणि शेजारी बसलेल्या केरळच्या नर्सबाईंना हिंदीत सांगितलं, मेरी बहन. त्यांनी हात हातात घेऊन दाबला. पहिल्या पाच गोळ्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला कोणी विचारलं तर मी दहाही गोळ्यांचं सांगते, कारण तू सांगितलंस.

बाबांनी परीक्षकांना जहाजांचं जे सांगितलं ते वाचून मला लाजच वाटली. दोन दिवस वाटत होतं, त्यांना पत्र लिहून खुलासा करावा. मग गेल्या मंगळवारी असं झालं.

गुरुप्रसाद सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, आजपासून लहान व्हॉल्व्हची तपासणी तू करायची, दाखल्यावर सही तुझी. मी म्हटलं, सर, मला जमेल का. ते म्हणाले, घरी तपासणी करून आलीस ना. त्याच दुपारी एका जहाजाचा व्हॉल्व्ह आला. जहाज सितऱ्याच्या धक्क्याला थांबलेलं, फोरमन दारात उभा, "यल्ला, शेवंती, यल्ला, खलास कर." मी गेजची 'जाते' बाजू लावली, गेली. 'जात नाही' बाजू लावली. तीही गेली. पूर्ण नाही, थोडी. मी परत लावली. फोरमन म्हणाला, अगं एवढंसं चालतं, तू नवीन आहेस, सरांना विचार. मी गेज पुसून ठेवलं. सर पलीकडेच होते, काचेतून दिसत होते, पण ते उठून आले नाहीत, आणि मीही त्यांना बोलावलं नाही.

मी नापास लिहिलं आणि खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं, शेवंती दत्ताराम मेस्त्री. फोरमन अरबीत काहीतरी बोलत गेला, ते मला समजलं नाही हे बरं झालं. दुसरा व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी दुपारी तयार झाला आणि जहाज त्यानंतर सुटलं.

त्या मंगळवारी संध्याकाळी सर व्हॅनपाशी आले. म्हणाले, "आता घरी काय कळवणार? पहिल्याच दिवशी नापास केलं म्हणून?"

मी म्हटलं, "हो सर. बाबांना तेच कळवणार."

तुझी
ताई